पोच येईपर्यंत

तात्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पलटणीच्या वायरलेसच्या खोलीत तीस वर्षं काढलेला माणूस. अजूनही स्वतःचं बोलून झालं की समोरच्याची पोच येईपर्यंत गप्प बसतात. बायको वैतागते, मी काय डोंगरापलीकडे बसलेय का म्हणून विचारते. पण त्या खोलीचा विषय निघाला की गडी खुलतो. तापलेल्या सेटचा वास, कान दुखवणारे हेडफोन, खरखरीतून हळूच वर येणारा ओळखीचा आवाज. काय दिवस होते ते!

नोकरीच्या शेवटच्या वर्षी खोलीत संगणक आला. इंजिनिअर मॅडमनी तो रेडिओला जोडला आणि यापुढे चौकीचा सगळा पत्रव्यवहार यावरूनच, असं सांगून टाकलं. तात्यांनी नाक मुरडलं. आणि नेमकं तिसऱ्याच दिवशी डोंगरावरच्या चौकीतल्या एका जवानाची आई अत्यवस्थ असल्याची खबर आली. रजेचा हुकूम निघाला. खाली येणारी गाडी चारला सुटणार होती, पुढची आठवड्याने. तोंडी निरोपावर चौकी कुणाला सोडत नसे. लेखी हुकूम चारच्या आत पोचला नाही, तर पोराला आई दिसणार नव्हती.

तीन वाजले तरी पोच नाही. मॅडम घामाघूम. तात्यांनी हेडफोन चढवले, डोळे मिटले. तोच आवाज, तेवढाच लांब, पुन्हा पुन्हा. अरेच्चा! संगणक हुकूम पाठवत होता आणि पोच लगेच येईना म्हणून, तो हरवला समजून, परत पाठवत होता. केबलवर पोच चुटकीसरशी येते. इथे रेडिओवर एकाने तोंड मिटल्याशिवाय दुसऱ्याला बोलताच येत नाही. बिचारी पोच येणार कुठून?

"मॅडम, याला धीर नाही," तात्या म्हणाले. "याला दोन मिनिटं गप्प बसायला शिकवा."

मॅडमनी थांबायची वेळ वाढवली, साचलेल्या नकला पुसल्या आणि हुकूम एकदाच सोडला. तात्या हेडफोन न काढता घड्याळाकडे बघत राहिले. साडेतीनला पोच आली, आणि पाठोपाठ पडद्यावर एकच शब्द उमटला: 'निघालो.'

महिन्याने परत जाताना तो जवान मुद्दाम खोलीत आला. तात्यांचा हात धरून म्हणाला, "चार दिवस मिळाले. शेवटच्या दिवशी मीच भरवलं तिला."

तात्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, पण मनातून त्यांना त्या पोराचा हेवा वाटला. तरुणपणी, वायरलेसच्या खोलीत येण्याआधी, ते त्याच चौकीवर होते, तेव्हा आई गेल्याचं त्यांना बारा दिवसांनी कळलं होतं.