उजेडात उजेड मिळवला तर

मिक्सर लावायच्या आधी मधल्या भिंतीवर थापटायचं आणि ओरडायचं, "कुसुमताई, लावते हं!" अशी आमच्या घरातली रीत होती. हर्सूलच्या बाजूला आमची रो-हाऊसं, दोन घरांत भिंत एकच. पलीकडून "थांब!" आलं की वाटण भांड्यात ठेवून गप बसायचं, "लाव!" आलं की बटण दाबायचं. त्या सकाळी मी थापटलं तर काहीच उत्तर नाही. वाटलं, त्यांच्या त्या नाजूक यंत्रापाशी असतील, बोलायलासुद्धा भीत असतील. खोबरं-लसूण भांड्यात घालून मी आपली वाट बघत बसले... तेवढ्यात त्यांचा धाकटा भाऊ सुधाकर दारात आला. "सुमनताई, थापटू नका," म्हणाला. "ताई झोपेतच गेली."

याला आता महिना होऊन गेला. मिक्सर लावताना हात अजून भिंतीकडं जातो, पण ते राहू द्या. ताई कोण होत्या ते सांगते. मुलींच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर फिजिक्स शिकवलं. लग्न केलं नाही, सुधाकर येऊन-जाऊन असायचा. मी सातवीत शाळा सोडलेली बाई, पुढचं सगळं पेपर वाचून, लोकांना विचारून शिकलेली. आमची मैत्री जमली ती माझ्या बोलण्यामुळं. त्या म्हणायच्या, "सुमन, तू गप्प बसलीस की मला घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं."

निवृत्तीनंतर त्यांच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. पडदा खराब झाला होता. डॉक्टर म्हणाले, मधलं दिसणं हळूहळू जाईल, कडेकडेचं राहील. समोर बसलेल्या माणसाचं तोंडच दिसायचं नाही, कान दिसायचे. ताई रडल्या-बिडल्या नाहीत. घरी आल्या आणि म्हणाल्या, "मला इंटरफेरोमीटर करायचाय. नजर आहे तोवर." मला वाटलं, हा कसला तरी चष्मा असेल.

चष्मा नव्हता. कॉलेजात हे यंत्र काचेच्या कपाटात असायचं. महागाचं, म्हणून कुलूप. ताईंनी वर्षानुवर्षं ते फळ्यावर काढून शिकवलं, पण स्वतःच्या हातानं कधी जुळवलं नव्हतं. मी विचारलं, त्यानं होतं काय? म्हणाल्या, "एकाच उजेडाचे दोन करायचे, दोन वाटांनी पाठवायचे आणि परत एका जागी आणायचे. मग काही ठिकाणी उजेडात उजेड मिळवला की अंधार होतो." मी म्हटलं, "काहीतरीच! दिव्यात दिवा मिळवून कुठं अंधार होतो का?" तर म्हणाल्या, "पंचमीचा झोका आठव. दोघींनी एका वेळी रेटा दिला तर झोका वर जातो. एक रेटतीय अन् दुसरी अडवतीय, तर झोका जागच्या जागी. उजेडालाही असाच हेलकावा असतो." हे मला पटलं. झोका मी पाहिलेला होता ना.

मग आमचा बाजार सुरू झाला. शहाबादी फरशीचा जाड तुकडा आणला, त्याच्याखाली अर्धवट हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबा, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रकचा हादरा वर चढू नये. गुलमंडीच्या बाजारातून लाल लेसर. मधोमध अर्धा आरसा, म्हणजे अर्धा उजेड पार सोडणारी आणि अर्धा वळवणारी काच. त्या दोन अर्ध्यांच्या वाटांवर टोकाला एकेक आरसा, तो उजेड आल्या वाटेनं परत धाडतो, आणि मधल्या काचेतून दोन्ही उजेड समोरच्या भिंतीवर पडतात. पहिल्यांदा आम्ही घरातलेच आरसे लावले तर भिंतीवर ठिपक्यांची नुसती पिलावळ! घरच्या आरशाला मुलामा काचेच्या मागं असतो, त्यामुळं काच वेगळी चमकते आणि मुलामा वेगळा. शेवटी मोडीतल्या झेरॉक्स मशिनीतले आरसे मिळाले, त्यांचा मुलामा वरच्या अंगाला असतो. एका आरशाच्या पाठीला तीन स्क्रू. ते पिळून भिंतीवरचे दोन लाल ठिपके एकावर एक आणायचे, एवढंच काम.

एवढंच म्हणते, पण त्यात आमचा हिवाळा गेला. तोवर ताईंना ठिपके दिसेनासे झाले होते. बोटं त्यांची, डोळे माझे.

"किती लांब आहेत?"

"ज्वारीएवढे."

"आता?"

"मोहरी... अहो, परत ज्वारी झाली की! उलटं पिळलं तुम्ही."

"उलटं तू सांगितलंस!"

अशी भांडणं. हादऱ्याच्या भीतीनं पंखा बंद, मिक्सर भिंतीवर थापटून विचारल्याशिवाय नाही, चालायचं ते मांजरीसारखं, आणि माझं तोंड बंद. हे शेवटचं सगळ्यात अवघड होतं.

एका दुपारी दोन्ही ठिपके खसखशीएवढंही अंतर न ठेवता मिळाले. ताईंनी चाचपून पुढं भिंग ठेवलं आणि तो ठिपका भिंतीवर परातीएवढा पसरला. त्यात पट्टे! लाल, काळा, लाल, काळा, लुगड्याच्या काठासारखे. मी किंचाळलेच. "ताई, दिसले! बोटाएवढे रुंद आहेत!"

ताई भिंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ. मान वाकडी करून पाहिलं, तिरपं पाहिलं. मग खुर्चीत बसल्या. "मला नुसता लाल ढग दिसतो गं," म्हणाल्या. "जाऊ दे. तू पाहिलंस ना... झालं."

मला लई वाईट वाटलं. त्यांच्याजवळ जायला म्हणून गडबडीनं उठले आणि माझा हात यंत्राच्या फरशीवर टेकला. भिंतीवरचे पट्टे लाटेसारखे सरकले.

"ए, काय हललं?" ताईंचं तोंड तेव्हा खिडकीकडं होतं.

"माझा हात लागला ताई, चुकले."

"चुकली नाहीस. परत लाव!"

मी परत लावला. ताई खिडकीकडं तोंड करून ताडकन उभ्या राहिल्या. "सरकतायत! सुमन, अंधार सरकतोय!" डोळ्याच्या कडेला बारीक काही कळत नाही, पण हललेलं बरोबर कळतं, हे मला त्यांनी नंतर समजावलं. म्हणजे बघा, ज्या हलण्याला आम्ही हिवाळाभर शिव्या दिल्या, त्याच्याचमुळं त्यांना दिसलं. मग म्हणाल्या, "आता फरशीला लावू नकोस. एका वाटेच्या खाली हात नुसता धर." धरला. हवा तापली, आणि पट्टे आपोआप हळूहळू चालायला लागले. ताई हसत होत्या. "तुझ्या हाताची ऊब भिंतीवर चाललीय गं." मी दुसऱ्या हातानं मोबाइलवर त्यांचा फोटो काढला.

दहाव्याला सुधाकरनं भिंतीवर लावायला त्यांचा कॉलेजातला जुना फोटो शोधून ठेवला होता, समोर बघणारा. मी माझा दाखवला. तो म्हणाला, "अहो, यात ताईनं तोंड फिरवलंय." मी म्हटलं, "फिरवलेलं नाही रे. बघतायत त्या."

त्यानं ऐकलं. फरशीवर यंत्र आहे तसं आहे, वरच्या भिंतीवर तोच फोटो आहे. भेटायला आलेले लोक फोटोसमोर उभे राहतात आणि त्या बघतायत तिकडं, खिडकीत, वाकून बघतात. तिथं काही नाही. मी त्यांना म्हणते, "असे खांबासारखे उभे राहू नका. जरा हला... म्हणजे ताईंना दिसाल."