मंदाची पाटी

साखर कारखाने सुरू झाले की श्रीगोंद्याच्या रस्त्याला मळीचा आंबूस वास सुटतो, आणि मला तिसगावच्या शाळेतली मंदा आठवते.

इंग्रजीचे सर आमचंच वाक्य करायचे. एकेकाच्या गळ्यात शब्द लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी अडकवून फळ्यापुढं ओळीनं उभं करायचे. त्या दिवशीचं वाक्य होतं, शाळेत चालत जाताना मुलीनं मोर पाहिला. मंदाकडे होतं ‘वॉकिंग टू स्कूल’. ती जाऊन उभी राहिली ती नेमकी ‘अ पीकॉक’च्या शेजारी.

“अगं, मोर चाललाय व्हय शाळंत?” सर म्हणाले.

वर्ग खिदळला. मंदाही हसत धावत आली आणि माझ्यापुढं उभी राहिली. माझ्या गळ्यात ‘द गर्ल’ होतं. तिच्या वेणीला खोबरेलाचा वास येत होता.

तेवढ्यात तिचे वडील दारात आले. “सर, पोरीला न्हेतो. ऊसतोडीची गाडी थांबलीय. फडात बारक्याला सांभाळायला कुनी न्हाई.”

मंदानं पाटी काढून टेबलावर ठेवली. “सर, माझी पाटी दुसऱ्या कुनाला देऊ नका.”

सरांनी ती खरंच कुणाला दिली नाही. ते म्हणाले, “हां, वाचा.” आम्ही उरलेलं वाचलं, “द गर्ल सॉ अ पीकॉक.”

“बरोबर,” सर म्हणाले. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

मंदा पुन्हा कधी शाळेत दिसली नाही. त्या वाक्यातून शाळेत जाणं तेवढं गळलं होतं, आणि तरीही ते बरोबर निघालं, याचंच मला आता भय वाटतं.