कडुलिंबाचा पाला अन् पोस्ट-डॉकची जागा

तो दिवस आठवला का आजही मलेच माह्या कानाखाली वाजवावीशी वाटते. मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून लागलो, घासत घासत एएसआय होऊन रिटायर झालो.

दुपारी ठाण्यात एक पोरगी आली. रामटेककडची, धानाच्या किडीवर पीएचडी केलेली. प्रताप नगरातल्या एका एजंटानं परदेशी विद्यापीठात पोस्ट-डॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची जागा, लावून देतो म्हणून तिचे सगळे ओरिजिनल कागद ठेवून घेतले. जागा काही लागली नाही. आता इथल्याच विद्यापीठात मुलाखत होती, उद्या अकराले. ओरिजिनल दाखवल्याबिगर आत घेत नाहीत. अन् एजंट म्हणे, मी हिले ओळखतच नाही!

मी म्हणलं, "एवढी शिकली अन् पोच नाही घेतली काहून वं? मी सातवी पास, तरी धोब्याजवळून चिठ्ठी घेतो."

"तुमच्याएवढी हुशार असती तं पोलिसातच आली असती, काका."

बाजूले नोंदी लिहिणारा ठाण्याचा रायटर तोंडावर रजिस्टर धरून हसला.

तिले घेऊन एजंटाच्या ऑफिसात गेलो. तो इंग्रजीत बोलला. मले समजलं काहीच नाही, म्हणून मी त्याले चारदा 'सर' म्हणलं. मी बसून त्याची कॉफी पेलो, पोरगी उभीच. लाज वाटते सांगाले.

"मी इथं कधीच आली नाही म्हणते तो," पोरीनं मले मराठीत सांगितलं.

कॉफीसंगं बिस्किट लागते मले. हावरटासारखा मीच त्याचा ड्रॉवर ओढला. बिस्किट नव्हतं. कडुलिंबाची वाळली काडी होती, पानासकट. तिसऱ्या मजल्यावर, बंद काचेच्या एसीत!

पोरगी ओरडली, "माह्या मायनं टाकला तो पाला! धानात टाकते तसा माह्या कागदात टाकते, कसर लागू नये म्हणून."

"सर," मी म्हणलं, "कपाटाची चाबी."

दोन पंच बोलावले, कपाट उघडलं. पोरापोरींच्या डिग्र्यांचे गठ्ठे! हिचीही फाईल त्यात, पाल्यासकट.

"पोरं दुसऱ्या एजंटाकडे जाऊ नयेत म्हणून ठेवतो," तो हळूच म्हणाला. आता बरोबर मराठी आली त्याले.

पंचनामा केला, सह्या घेतल्या, मिशीवर हात फिरवला. तवा डोक्यात उजेड पडला, कागद आता मुद्देमाल! कोर्टाच्या हुकुमाबिगर परत देता येत नाही. एजंटानं अडवलं होतं, मी शिक्का मारून अडवलं.

पीआय साहेब खेकसले, "डायरीत नोंद कर, तूच घेऊन जा, दाखव अन् परत आण."

दुसऱ्या दिवशी वर्दीत, फाईल मांडीवर घेऊन मी विद्यापीठाच्या बाकावर बसलो. पोरगी आत गेली. बाजूचा चपराशी म्हणे, "उगाच आणली फाईल, साहेब. ज्याले घ्याचं त्याची खुर्ची मागच्या हप्त्यातच लॅबमंदी लागली."

पोरगी लवकरच बाहेर आली. "काय विचारलं वं?"

"लग्न झालं का म्हणे."

डोकं सणकलं माहं! एजंटावर कलमं लावली, आत टाकला. या आतल्या मोठ्या लोकायवर कोणतं कलम लावू? चोरी कपाटातच सापडते असं मी नोकरीभर समजत होतो. सातवी पासच राहिलो.

कोर्टातून तिचे कागद सुटले. ती आजही अर्ज भरून राहिली. फोन आला का मी विचारतो, "पोच घेतली ना वं?"

"घेतली काका," म्हणते. "पोच तं सगळेच देतात."