बसलेल्या बँडपुढे

रबरी वाटीच्या आडून आलेला ट्रम्पेटचा सूर तुम्ही कधी ऐकला आहे का? तो आधी कुरकुरतो, मग हसतो आणि शेवटी रुसलेल्या माणसासारखा तोंड फिरवून काहीतरी पुटपुटतो. माघातल्या एका कलत्या दुपारी पोलादपूरला आमच्या दारच्या मांडवात तो उठला, तेव्हा मी पानसुपारीची तबकं लावत होते. सूर अनोळखी होता, वाटी मात्र ओळखीची. बेसिन तुंबलं की लागतो म्हणून रबरी पंप मी लग्नाच्या सामानात आठवणीने आणला होता. माझ्या धाकट्या भावाने, विनूने, त्याचा दांडा काढला होता आणि वाटी ट्रम्पेटच्या तोंडाशी धरली होती. अजून वापरलेली नव्हती, एवढंच समाधान.

विनू मुंबईत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी एका वाद्यवृंदात वाजवतो. फार पूर्वी अमेरिकेतल्या नाचघरांत स्विंग जॅझ म्हणून जे वाजायचं, तो जुना बाज ही मंडळी पुन्हा उभा करतात. पुढे सॅक्सोफोनची रांग, मागे ट्रम्पेटची. एका रांगेने विचारायचं, दुसरीने उत्तर द्यायचं, आणि खालून ताल असा झुलता ठेवायचा की उभ्या माणसाचं वजन आपोआप या पायावरून त्या पायावर जावं. मुंबईत लोक येतात, शांतपणे ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. विनूला तेच खुपत होतं. "ताई, हे नाचायचं संगीत आहे गं. तिथे लोक परीक्षेला बसल्यासारखे ऐकतात. आपली माणसं बघ, पहिल्याच तुकड्याला उठतील." असाच शब्द सोबत्यांनाही देऊन त्याने त्यांना माझ्या मुलीच्या लग्नाला आणलं होतं.

लग्न आदल्या दिवशी लागलं होतं, आज नुसतं वादन. वादकांसाठी मी खुर्च्यांच्या दोन सरळ रांगा लावल्या, मधली जागा नाचायला मोकळी ठेवली. पहिला तुकडा झाला, कोणी उठलं नाही. दुसऱ्याला कुडपणच्या मावशीने ऐन वादनात सॅक्सोफोनवाल्यापुढे कोकम सरबत धरलं. तिसऱ्याला कोणीतरी पंख्याचं तोंड वादकांकडे वळवलं आणि पाठोपाठ चहा आला. माया अमाप, पण मधली जागा रिकामीच. सोबती विनूकडे पाहू लागले. त्याचे कान लाल झालेले मला तबकांपासून दिसत होते. मुंबईने ऐकून घेतलं, घरच्यांनी तेवढंच करावं? मग हे वाजवायचं कोणासाठी?

मांडवाच्या कडेला बाळूमामा बसले होते. कुडपणच्या खालूबाजात, म्हणजे आमच्याकडच्या सनई-ढोलांच्या ताफ्यात, मामांचा ढोल. लहानपणी विनू त्या ढोलामागे धावायचा.

"मामा, आवडत नाही का?" मी जवळ जाऊन विचारलं.

"आवडतंय गो. पन वाजवनारा बसलाय ना. बसला म्हंजे दम खातोय. त्याच्या म्होरं नाचलो तर त्याला उठवल्यासारखा व्हनार. उठू दे त्यांना, मग बगू."

आम्ही ज्याला नापसंती समजत होतो, ती अदब होती! आमच्याकडे ढोल चालतो आणि माणसं त्याच्याभोवती नाचतात. वाजवणारा टेकला की त्याला पाणी द्यायचं, त्याला घाई करायची नाही. खुर्च्या मीच लावल्या होत्या, आता उठवायचंही मलाच होतं.

"विनू, उठा सगळे. चालायला लागा."

"ताई, हे बसूनच वाजवतात. ड्रम कसे चालणार?"

"ड्रम राहू देत. मामांचा ढोल पडवीत आहे."

खुर्च्या खरखरल्या. त्यांच्यातलं माणसाएवढं मोठं तंतुवाद्य काही चालेना, तेव्हा मांडवाचं सामान घेऊन आलेल्या महाडच्या रफीकभाईंनी ते वादकासकट आपल्या टेम्पोत चढवलं आणि टेम्पो वरातीच्या चालीने हाकला. मामांनी काठी हातात धरून थोडा वेळ नुसतं ऐकलं. मग ढोल पडला: एक लांब, एक आखूड, डोईवर ओझं घेऊन वरंधचा घाट उतरणाऱ्या बाईच्या पावलासारखा. सरबताचा ट्रे हातात तसाच ठेवून मावशी फिरली, तिच्यामागे जावा, भाचे, व्याही. गल्ली भरून गेली. वाजवता वाजवता मामा विनूच्या कानाशी वाकले, "ह्यो ताल आपलाच हाय रे. निस्ता पँट घालून आलाय." विनूला हसू फुटलं आणि त्याचा सूर मधेच सांडला. तो त्याने गोळा केला नाही.

जुनं ते जसंच्या तसं सांभाळणं हेही मोठंच काम, आणि मला नेटकेपणाची आवड आहे. पण गेलेला ताल खरा परत येतो तो कोणाच्या तरी पायात, आणि पायांच्या रीती गावोगाव निराळ्या. त्या विचाराव्या लागतात.

पाहुणे पांगल्यावर बेसिन तुंबलंच. दाराआड पाहिलं, तर नुसता दांडा. वाटी विनूबरोबर मुंबईला गेली होती. तो दांडा हातात घेऊन मी जरा उभी राहिले, आणि फरशीवर एक लांब, एक आखूड, असा ताल आपसूक पडला. मग बाजाराची यादी काढली. 'रबरी पंप' असं लिहिलं आणि थोडं थांबून पुढे लिहिलं, 'दोन'.