बुचावरची पाच बोटं

सातपाटीच्या बंदरावर चंद्रकांता बोलायला लागली की वाळत घातलेले बोंबीलसुद्धा कान टवकारतात, असं तिचा नवरा पुंडलिक म्हणायचा. आवाजच तसा होता! बोईसरच्या बाजारात तिने पापलेटाची हाक दिली की पलीकडे स्टेशनातला हमाल दचकून उभा राहायचा.

पण तिचा खरा मान होता तो हातांमुळे. नावेच्या फळ्यांमधल्या फटींत कापूस ठासायचा आणि वर राळ नि तेलाचं लुकण भरायचं, हे काम त्या घरात तिच्याकडे होतं. लग्न होऊन आली त्याच वर्षी सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, ते तिला दिलं. दहा वर्षांत नावेत थेंबभर पाणी शिरलं नव्हतं. गळ्यातल्या डोरल्याइतकंच तिला ते काम प्यारं होतं.

सहासष्ट सालची गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, आणि बोईसरात कुठकुठल्या मुलखातली माणसं येऊन उतरली होती. त्यांतला रामकिसन भंगारवाला सुक्या बोंबलांवर लट्टू झाला होता. दोन टोपल्या बोंबलांच्या बदल्यात चंद्रकांताने त्याच्याकडून दोन रिकामी लोखंडी पिंपं घेतली.

"मौसी, हाथी बैठ जाए तो भी कुछ नहीं होगा!" रामकिसन म्हणाला होता.

घरात डोल होती. डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं. ते समुद्राच्या तळाशी ठोकलेल्या खुंटांना बांधायचं आणि त्याचं तोंड उघडं राहावं म्हणून वर पिंपं तरंगत ठेवायची. लाकडी पिंपं दरसाल कुजायची. चंद्रकांताने एका लोखंडी पिंपाचं बूच घट्ट आवळलं, त्यावर लुकणाचा गोळा थापला आणि तळव्याने दाबला. पाची बोटं स्पष्ट उमटली.

"सही केलीस काय?" पुंडलिक हसला.

"नाय तर काय! दर्याला कळू दे, कोणाचं काम हाय ते."

पिंप डोलीच्या दोराला बांधलं आणि अमावास्येचं उधाण आलं. ओढ अशी जबर की डोल, दोर, पिंप सगळंच खोल खाली खेचलं गेलं. पाणी शांत झाल्यावर इतर पिंपं वर आली, लोखंडी आलं नाही. दोर ओढून काढलं तर काय! पिंपाच्या दोन्ही कुशी आत गेलेल्या. कुणा राक्षसाने मुठीत धरून चुरगळावं तसं.

तात्या बंदरावरच कडाडले. "बुचातून पानी शिरलं. हात बिघडला सूनबायचा! आता नावंच्या फटी दुसरा कोणी भरंल."

सगळ्या बंदरासमोर! चंद्रकांताने पदर खोचला. ती पिंपाजवळ गेली, दोन्ही हातांनी ते गदागदा हलवलं आणि कान लावला. आत काही डुचमळलं नाही.

"तात्या, पानी शिरलं आसतं तं वाजलं आसतं ना? आत कोरडं हाय."

"मंग चेपलं कशानं? भुतानं?"

तिने पिंप चहूकडून न्याहाळलं. बुचाकडे बघून ती चक्रावली. लोखंड चुरमडलं होतं, आणि नखाने टोकरता येईल असा तो लुकणाचा गोळा जसाच्या तसा होता. पाची बोटं जिथल्या तिथे. तोही तेवढाच खोल गेला होता की!

दुसऱ्या दिवशी ती ते मोडकं पिंप घेऊन पालघरला चिंधूकडे गेली. चिंधू सायकलवाला, तिचं मासळीचं जुनं गिऱ्हाईक. त्याने पिंप फिरवून पाहिलं आणि पलीकडे पडलेली चपटी ट्यूब उचलली. "हिच्यावर उभी राहा, मावशी. चेपते ना? हवा भरली तर पोत्यासकट माणूस झेलते. रबर तेच आहे."

चंद्रकांताने ट्यूबवर पाय देऊन पाहिला. मग तिने एकदम टाळी वाजवली. "आरं, माजं लुकण भरीव हाय! दर्यानं चारी बाजूंनी सारखंच दाबलं, तं त्यानं जावं कुठं? रूप कशाला बदलंल? पिंपाला बाहेरून दर्या रेटतो, आन् आतून उलटं रेटायला कोणीच नाय!"

"मग आतून रेटायला बसवू कुणाला तरी," चिंधू म्हणाला आणि पंप घेऊन तिच्याबरोबर निघाला.

उरलेल्या पिंपाला त्याने ट्यूबची हवा भरायची नळी बसवली. मग अंगणात जी जत्रा भरली, ती काय वर्णावी! सायकलच्या पंपाने एवढं पिंप भरायचं! पुंडलिक दमला, शेजारची प्रेमला दमली, प्रेमलाची नणंद सुलू हसून हसूनच दमली. आठशेच्या पुढे मोजदाद चुकली आणि त्यावरून भांडण झालं. शेवटी तात्यासुद्धा "सरा बाजूला" म्हणून धोतर खोचून भिडले. झाकण जरासं फुगलं तसा चिंधू ओरडला, "बास! आता पिंपाला पोट सुटलं!"

चंद्रकांताने बुचावर नि नळीवर लुकण थापलं. तात्या बोट रोखून म्हणाले, "ह्येबी चेपलं, तं राळेला हात लावायचा नाय. कबूल?"

"कबूल."

पौर्णिमेच्या उधाणात नाव गेली. चंद्रकांता सकाळपासून बंदरावर उभी. पापलेट विकायला गेली नाही, पेज प्याली नाही. दुपारी नाव लागली. तात्या उतरले ते तोंड सुतकी करून. तिच्यासमोर आले, उसासा टाकला आणि मान हलवली. 

आणि एकाएकी तात्या वाळूत उकिडवे बसले! गाल फुगवले, श्वास कोंडला, हळूहळू मान गुडघ्यांत घातली. बघणारे घाबरले. मग सत्तरीचा तो म्हातारा दोन्ही हात वर करून भस्सकन उडाला!

"आसं! आसं आलं वर, सूनबाय! कुठं पोचा नाय, सुरकुती नाय!"

पुंडलिक नावेतच पोट धरून बसला. चंद्रकांता हसली, रडली आणि मग बोईसरपर्यंत जावा अशा आवाजात म्हणाली, "आदी का नाय सांगितलं! जीव घेता काय माजा?"

"थांब, आजून सांगायचं हाय," धापा टाकत तात्या म्हणाले. "उद्या नाव ओढून घेतो. कापूस काढून ठेव. आन् फटींना दुसऱ्या कोणाचा हात लागला, तं माज्याशी गाठ हाय!"