टंचाईबाईंचं आभारप्रदर्शन

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंचं खरं नाव हजेरीपटाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. दर वर्षी पहिल्या तासाला त्या फळ्यावर 'टंचाई' एवढा एकच शब्द लिहायच्या आणि त्यावरून पोरांना तासभर पिळायच्या. पोरांनी तोच शब्द त्यांना चिकटवला, तो इमारतीत पोचला, आणि आता दूधवालासुद्धा 'टंचाईबाईंची पिशवी' म्हणूनच हाक देतो. खरं तर बाईंकडे टंचाई एकाच गोष्टीची होती, शांतपणाची.

रागाला कारणं होती म्हणा. बाईंचा जीव तीन ठिकाणी अडकलेला: अर्थशास्त्र, उन्हाची वीज, आणि मालकाची तुंबडी न भरता राबणाऱ्यांचं भलं करणारे धंदे. तिन्हींची मोट बांधून पीएचडी करावी म्हणून त्या गेल्या, तर अर्थशास्त्रवाले म्हणाले, हे इंजिनिअरिंगचं काम. इंजिनिअरिंगवाल्यांनी समाजकार्य विभागाकडे बोट दाखवलं. तिथल्या एका गृहस्थांनी चहा पाजला, सगळं मन लावून ऐकलं, आणि पुन्हा अर्थशास्त्राच्या दारात नेऊन सोडलं. त्या दिवसाचं सगळं जेवायच्या टेबलावर नवऱ्याने ऐकून घेतलं. नवरा सज्जन माणूस. बायको सौरऊर्जेवर बोलू लागली की तो मुकाट्याने ताटातल्या भाजीत लक्ष घालतो.

"नाही ना कुणाला गरज? मग मी इथेच करून दाखवते, तळमजल्यावर," बाई म्हणाल्या, आणि त्याच्या हातातला चमचा वरच्या वर राहिला. कारण तळमजल्यावरची खोली म्हणजे थेट मोठ्या भाऊजींच्या शेपटीवर पाय.

मोठे भाऊजी म्हणजे बाईंचे थोरले दीर. पहिल्या मजल्यावर राहतात आणि इमारतीचे अध्यक्ष आहेत. अध्यक्ष म्हणजे किती अध्यक्ष, तर जिन्यातला दिवा बदलायचा झाला तरी ते आधी घसा खाकरतात. मोडक्या सायकली आणि निखळलेली दारं भरलेल्या त्या खोलीत त्यांना स्वतःचं ऑफिस थाटायचं होतं. पण बाईंनी सर्वसाधारण सभेत असा काही घोळ घातला की खोली इमारतीतल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना मिळाली. भाऊजींनी जाता जाता एक अट तेवढी टाकून घेतली: बायकांनी आपल्याच विजेवर चालवायचं. ज्या दिवशी इमारतीच्या लाइनला हात लावला, त्या दिवशी खोली परत.

बाईंनी अट हसत मान्य केली. गच्चीवर पॅनल बसले, खाली मशीनं लागली. शिवणाऱ्या सगळ्याजणी सारख्याच मालकिणी, काय ते ठरवायचं हात वर करून. पुढारीपण आपोआप जाऊबाईंकडे आलं. जाऊबाई म्हणजे अध्यक्षांच्याच पत्नी. स्वतःच्या घरात भिंतीचा रंगही त्यांना कधी कुणी विचारला नव्हता. इथे त्या कात्री हातात घेऊन उभ्या राहिल्या की सगळ्या गप्प व्हायच्या. बॅटरीच्या भानगडीत बाई पडल्याच नाहीत. त्याऐवजी कामच उन्हाप्रमाणे लावलं. सकाळी कापड बेतायचं, ऊन चढेल तशी मशीनं सुरू करायची, माथ्यावर आलं की इस्त्र्या, आणि कलल्यावर हाताने काजं-बटणं. ढगाळ दिवशी गप्पा आणि उसवण. बाई कॉलेजातून आल्या की चप्पल न काढता आधी त्या खोलीत डोकावायच्या. तेवढा वेळ त्यांच्या कपाळावरच्या आठ्या कुठे जायच्या, कोण जाणे.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात कुठल्याशा संस्थेने कळवलं की उन्हाची वीज वापरणाऱ्या इमारतींचा सन्मान करायचा आहे, पाहुणे स्वतः येणार. पहिल्या दिवसापासून ज्यांनी पॅनलला 'ती पत्र्याची फडताळं' म्हटलं, ते भाऊजी एका दिवसात सूर्योपासक झाले. रस्त्यापलीकडे उभं राहून त्यांनी इमारत न्याहाळली, आणि त्यांच्या मनाला एक गोष्ट खुपली. खालून पॅनल दिसतच नव्हते, दिसत होत्या नुसत्या मागच्या लोखंडी पट्ट्या. पाहुणा गाडीतून उतरणार आणि बघणार काय, पट्ट्या? त्यांनी वायरमनला बोलावलं आणि सगळे पॅनल फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभे केले. वायरमनने एकदा तोंड उघडलं होतं म्हणतात, पण अध्यक्षांनी घसा खाकरला.

दुसऱ्या दिवशी ऊन माथ्यावर आलं आणि खाली मशीनं धापा टाकू लागली. सुई एक टाका घालायची आणि विचार करत बसायची. इस्त्री कोमट. दवाखान्याचे अॅप्रन त्याच दिवशी पोचवायचे होते, न पोचवले तर पुढचं काम दुसरीकडे गेलं असतं. बाई कॉलेजात, तास चालू, फोन बंद. जाऊबाईंनी खूप वाट पाहिली, मग देवाचं नाव घेऊन खटका इमारतीच्या लाइनवर टाकला. इस्त्री तापली, आणि दारात अध्यक्ष उभे. त्यांनी बायकोला काही म्हटलं नाही, नुसते समाधानाने हसले.

बाई घरी आल्या तेव्हा तळमजल्यावर कुणी शिवत नव्हतं. जाऊबाई डोळे पुसत होत्या. बाईंनी वायर पाहिली, मशीन पाहिलं, मग गच्चीवर गेल्या आणि वरच्या पायरीवरच थबकल्या. सगळे पॅनल उन्हाकडे पाठ करून रुसलेल्या जावयांसारखे रस्ता बघत उभे होते. तळपायाची आग मस्तकात गेली. तशाच उतरून त्या पहिल्या मजल्यावर धडकल्या.

"भाऊजी, पॅनल कुणी फिरवले?"

"मी. दिसायला नकोत का?"

"ते उन्हाला दिसायला हवेत."

"ऊन काय, सगळीकडेच पडतं," भाऊजी म्हणाले. "बरं, पाहुणे गेले की घे फिरवून. पण अट ती अट. उद्या सन्मान होऊ दे, संध्याकाळी सभा घेऊन खोलीचं बघू."

म्हणजे वीज बंद पाडली यांनी, आणि अट मोडली बायकांनी. बाई पाय आपटत निघाल्या. घरी येऊन त्यांनी भांडी एवढ्या जोरात घासली की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. नवरा हळूच म्हणाला, दादाशी मी बोलू का? त्यावर बाईंनी त्याच्याकडे जे पाहिलं, त्यानंतर तो लवकर झोपला.

दुसऱ्या दिवशी अंगणात खुर्च्या मांडल्या. पाहुणे आले, गाडीतून उतरून वर पाहिलं, वा म्हणाले. भाऊजींनी आपली दूरदृष्टी या विषयावर भाषण केलं, ते लांबलं. आभारप्रदर्शन बाईंकडे होतं. घरच्या सुनेला काहीतरी द्यायला हवं म्हणून भाऊजींनीच ते दिलेलं.

बाई माईकपाशी आल्या, आवाज अगदी साखरेत घोळलेला. त्यांनी आधी पाहुण्यांचे आभार मानले, मग खुर्चीवाल्याचे. "आणि विशेष आभार अध्यक्षांचे," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांना पॅनल नीट दिसावेत म्हणून त्यांनी ते सगळे उन्हाकडून रस्त्याकडे वळवून घेतले. त्यामुळे काल भर दुपारी खालची मशीनं बंद पडली. दवाखान्याचं काम अडू नये म्हणून माझ्या जाऊबाईंनी इमारतीची वीज घेतली, आणि म्हणून आज संध्याकाळी अध्यक्ष बायकांची खोली काढून घेणार आहेत. इतकी दूरदृष्टी आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाकडे नाही."

पाहुण्यांनी मान वर करून पॅनलकडे पाहिलं, मग सूर्याकडे, मग अध्यक्षांकडे. "खरंच फिरवले?" त्यांनी विचारलं.

भाऊजींनी घसा खाकरला, पण त्यातून पुढे काही निघालं नाही.

तेव्हा शेवटच्या रांगेतून जाऊबाई उठल्या. जन्मात कधी चारचौघांत नवऱ्यासमोर बोलल्या नव्हत्या. "संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं?" त्या म्हणाल्या. "सगळी इमारत इथेच बसलीय. ज्यांना खोली आमच्याकडे राहावी असं वाटतं, त्यांनी हात वर करा." आणि पहिला हात त्यांनी स्वतःचाच वर केला.

एकेक हात वर होत गेला. वायरमन इमारतीतला नव्हता, तरी त्यानेही केला. नवऱ्याने आधी भावाकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि दोन्ही हात वर केले. भाऊजींचे हात मांडीवरच राहिले, पण मोजायची वेळच आली नाही. अटही तिथेच गेली. सन्मान काही मिळाला नाही, पाहुणे म्हणाले पुढच्या वर्षी बघू. बायका मात्र त्यांची गाडी निघायची वाट न बघता पाने-पकडी घेऊन गच्चीवर गेल्या आणि पॅनलचे नट ढिले करू लागल्या.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, आता तरी हस, खोली राहिली ना.

"कसलं हसू?" बाई कडाडल्या. "पॅनल उन्हाकडे असावा, एवढी साधी गोष्ट. ती घरातल्या माणसाला कळायला माईक लागला मला. आणि उद्या ते जिन्यात भेटले तर तू गोड बोलणार आहेस, माहीत आहे मला."

नवऱ्याने भाजी वाढून घेतली.