विकायला चालतो, लावायला नाही

वेगाने गाडी चालवताना माझ्या नवऱ्याला पोलिसांनी दुसऱ्यांदा पकडलं, तेव्हा गाडी हळू चालवणं सोडून बाकी सगळे उपाय त्याने शोधायला घेतले. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि आम्ही मँचेस्टरला राहत होतो. तो हाडांचा सर्जन. आठवडाभर मोटरसायकलवरून पडलेल्या पोरांच्या मांड्यांत सळया घालायचा आणि ती शुद्धीवर आली रे आली की त्यांना वेगाचे तोटे सांगायचा. शनिवारी स्वतः मोटरवेवर चढला की हे सगळं वॉर्डातच राहायचं. लायसन्सवर दंडाचे पॉइंट्स साठले होते; आणखी एकदा सापडला असता तर लायसन्सच गेलं असतं.

"मग हळू चालव ना," मी म्हटलं.

"प्रश्न वेगाचा नाहीये गं. ते कुठे लपलेत ते आधी कळण्याचा आहे."

हे तत्त्वज्ञान एजवेअरला राहणाऱ्या त्याच्या एका मित्राचं. तो भूलतज्ज्ञ. पेशंटला झोपवून निवांत कॅटलॉग चाळणारा. पुढे पोलिसांचं रडार असलं की ते आधीच ओळखणारा रडार डिटेक्टर मिळतो, असं त्याने फोनवर सांगितलं. डॅशबोर्डवर ठेवायचा, वायर सिगरेट लायटरमध्ये खोचायची आणि तो किंचाळला की ब्रेक दाबायचा.

आम्ही गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर तीन डबे मांडले आणि देवळात बोलावं तशा आवाजात म्हणाला, "विकणं कायदेशीर आहे, सर. घरी ठेवणंही कायदेशीर. गाडीत चालू करायचा नाही, एवढंच."

"मग लोक नेतात कशाला?" मी विचारलं.

"ते मी कधी विचारत नाही, मॅडम."

नवऱ्याने एकेक डिटेक्टर उलटासुलटा करून पाहिला. तो किती लांबून ओरडतो, डोंगराआडचं रडार पकडतो का, दिवे कोणत्या रंगाचे लागतात, सगळं विचारलं. मला बघायला आले होते तेव्हा या घराण्याने याच्या निम्मेसुद्धा प्रश्न विचारले नव्हते. शेवटी त्याने गाडीत लावून बघायची परवानगी मागितली. दुकानदार म्हणाला, "मी जरा आत जाऊन येतो," आणि पाठ फिरवून गेला.

पार्किंगमध्ये पहिले दोन गप्पच बसले. तिसरा, अमेरिकन, वायर लावताच किंचाळला.

"बघ! पकडलंन!" नवरा खूश.

पोलीस कुठेच दिसत नव्हता. समोर सुपरमार्केट होतं आणि ट्रॉली ढकलत येणाऱ्या बाईसाठी त्याचं दार आपोआप उघडत होतं. दुकानदाराने नंतर समजावलं की ती दारंही रडारसारख्याच लहरींवर चालतात.

"म्हणजे किती संवेदनशील आहे बघ," नवरा मला म्हणाला, आणि तोच घेतला.

त्यानंतर आमची गाडी प्रत्येक सुपरमार्केटसमोर आदराने हळू होऊ लागली. त्याच सुमारास पुण्याहून सासूबाई आल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. "हे काय रे ओरडतंय?" त्यांनी विचारलं. "हवामानाचं यंत्र आहे, आई," मुलगा म्हणाला. त्यांनी चष्मा सावरून यंत्र एकदा नीट बघून घेतलं.

महिन्याभरातच ग्लासगोला एका डॉक्टर मित्राच्या मुलाची मुंज होती. आम्ही तिघं सकाळीच निघालो. मोटरवेवर ना दुकान ना दार, त्यामुळे डिटेक्टर एकदम शांत. ही शांतता नवऱ्याने परवानगीच समजली. कम्ब्रियाच्या टेकड्यांमध्ये वेगाचा काटा कुठे गेला होता ते मी बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. मग मागच्या एका साध्या राखाडी गाडीच्या काचेत निळा दिवा लागला. डिटेक्टर तेव्हाही शांतच होता.

रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. कॉन्स्टेबल खिडकीशी वाकला.

"पण तुमच्याकडे रडार कुठे होतं?" नवऱ्याने पहिला प्रश्न हा विचारला.

"रडार नव्हतंच, सर. मी नुसता तुमच्या मागून येत होतो." मग त्याची नजर डॅशबोर्डवर गेली. "हे काय आहे?"

"हवामानाचं यंत्र," नवरा म्हणाला.

मागच्या सीटवर सासूबाई ताठ बसल्या. फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या स्वच्छ इंग्रजीत त्या म्हणाल्या, "तसं असेल तर हे अगदीच निरुपयोगी आहे, ऑफिसर. काल धो धो पाऊस पडला तेव्हा हे गप्प होतं. हे फक्त सुपरमार्केटसमोर ओरडतं."

कॉन्स्टेबलने बराच वेळ रस्त्याकडे पाहिलं. हसू आवरत होता, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. मग त्याने डिटेक्टर काढून पिशवीत घातला.

"आई, तू काय बोललीस!" तो गेल्यावर नवरा ओरडला.

"मी बघितलं तेच बोलले. हवामानाचं यंत्र आहे असं तूच म्हणालास ना?"

पुढे ग्लासगोपर्यंत गाडी मी चालवली. मुंज लागून गेली होती, पंगत चालू होती. नवऱ्याने पानावर बसल्या बसल्या पोलिसांच्या कपटाची कहाणी सांगितली. एकसे एक सर्जन, फिजिशियन ऐकत होते. इतका जोरात का चालवत होतास, असं एकानेही विचारलं नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न: "मॉडेल कुठलं होतं?" बालरोगतज्ज्ञ असलेले एक गृहस्थ तर जिलबी हातात धरून कुजबुजले, "मी दुसऱ्या कंपनीचा घेतलाय. तो दारांना ओरडत नाही."

कोर्टाने लायसन्स काही महिन्यांसाठी काढून घेतलं आणि दंडही केला. सर्जनसाहेब बसने हॉस्पिटलला जाऊ लागले. पहिल्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाले की बसचे ड्रायव्हर फारच बेफाम चालवतात, कौन्सिलला कळवायला हवं.

सासूबाई परत निघाल्या त्या दिवशी एअरपोर्टला गाडी मीच नेली. नवरा शेजारी बसून सारखं घड्याळ बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "अगं, जरा दाब की. रस्ता मोकळा आहे."

मी काही बोलणार, तेवढ्यात सासूबाईंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू तुझ्या वेगाने चालव गं. विमान चुकलं तर मी आणखी आठ दिवस राहीन."

नवऱ्याने शर्टाची बाही घड्याळावर ओढून घेतली.